अल्लादियाखाँच्या गावातला म्युझिक सर्व्हर

कोल्हापुरातल्या गाणं ऐकणाऱ्या जुन्या घरात कपाट उघडलं, की ध्वनिमुद्रणाचं शतक एकावर एक रचलेलं सापडतं. तळाशी लाखेच्या जड तबकड्या, त्यांच्यावर एलपी, मग कॅसेटींचे गठ्ठे, त्यांच्यावर सीडींची चवड आणि सगळ्यात वर नातवंडांनी भरून दिलेला पेनड्राइव्ह. वाजवायची सोय मात्र बहुधा त्या पेनड्राइव्हचीच उरलेली असते. असं एक अख्खं कपाट शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्यांकडे आलं. त्यांची उमेदीची सारी वर्षं ॲम्प्लिफायर, टेपडेक आणि टर्नटेबल खोलण्या-जोडण्यात गेलेली. गिऱ्हाईक त्यांना नुसतं ‘काका’ म्हणतं. कपाटाच्या मालकीण निवृत्त संगीतशिक्षिका, गल्लीत सगळ्यांच्या ‘गाण्याच्या बाई’.

बाईंचं मागणं थोडक्यात होतं. “भाऊ, हे सगळं एका जागी आणा. आवाज आहे तसा राहू दे. आणि सकाळचे राग सकाळी चटकन सापडू देत.”

काकांनी विचारलं, “यादी हाय का, बाई?”

यादी नव्हती. पुढे या कामाचा बहुतेक वेळ त्या यादीनेच खाल्ला.

म्युझिक सर्व्हर हे नाव भारदस्त असलं, तरी वस्तू साधी. एक छोटा संगणक, त्याला जोडलेली साठवण, आणि आकड्यांतून पुन्हा विजेचा तरंग घडवणारा डॅक. डॅकमधून निघालेली तार घरच्या ॲम्प्लिफायरला जाते आणि काय वाजवायचं ते मोबाइलवरून सांगायचं. काकांनी रास्पबेरी पाय ४ हा बोर्ड घेतला. २०१९ साली बाजारात आलेला हा बोर्ड पानाच्या डब्यात मावेल एवढाच, पण त्याला गिगाबिट इथरनेट आणि वेगवान यूएसबी आहे. गाणं वाजवणं हे संगणकाच्या दृष्टीने किरकोळ काम. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला सुमारे १४ लाख बिट मागतो. त्याच्या शेकडो पट माहिती हा बोर्ड सहज हलवतो. त्यामुळे महागडा संगणक घेतला म्हणून गाण्यात भर पडत नाही.

खरा प्रश्न गोंगाटाचा होता. गाण्याच्या खोलीत पंखा फिरणारा संगणक नको आणि कोल्हापूरचा एप्रिलही नजरेआड करून चालत नाही. हा बोर्ड ८० अंश सेल्सिअसला पोचला की आपला वेग स्वतःच कमी करतो. काकांनी शिवाजी उद्यमनगरातून ॲल्युमिनियमची जाड पेटी मिलिंग करून आणली. झाकणाचा आतला उंचवटा प्रोसेसरला नेमका टेकेल असं माप दिलं, म्हणजे अख्खी पेटीच उष्णता बाहेर टाकते. डिझेल इंजिनांचे भाग आणि ओतकामासाठी नावाजलेल्या या वसाहतीत असलं काम सांगायला नकाशा लागत नाही, वस्तू हातात दिली की पुरतं. धातूच्या पेटीत वायफाय मात्र गुदमरतं. म्हणून राउटरपासून भिंतीच्या कडेने केबल ओढली. साठवणीला फिरणाऱ्या डिस्कऐवजी दोन टेराबाइटची एसएसडी बसवली. आता पेटीत हलणारा एकही भाग नव्हता.

डॅक यूएसबीवर चालणारा आणि असिंक्रोनस जातीचा घेतला. यात वेळेचं घड्याळ डॅकच्या पोटात असतं. तो आपल्या ठेक्याने संगणकाकडून माहिती मागून घेतो, संगणकाने मनाला येईल तेव्हा ढकललेली घेत नाही. संगणकाच्या घड्याळाची चूकभूल त्यामुळे आवाजात उतरत नाही. दुकानातल्या तरुण गिऱ्हाइकांना सोनेरी टोकांच्या यूएसबी केबलींबद्दल विचारायचं असतं. काका त्यांना आधी घरचं अर्थिंग तपासायला लावतात.

त्यालाही कारण आहे. बाईंच्या घरी सगळं जोडून ॲम्प्लिफायर सुरू केला आणि स्पीकरमधून ‘हं’ असा जाड घुमारा सुरू झाला. तो ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटींचा, म्हणजे घरच्या विजेचाच आवाज. डॅक बदला, केबल बदला असले सल्ले घरातल्यांनी दिले. काकांनी एकेक तार काढत जाऊन टीव्हीच्या केबलला हात घातला, ती उपसली आणि घुमारा थांबला. टीव्ही त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला होता. केबलवाल्याच्या तारेबरोबर बाहेरचं अर्थिंग आत आलं होतं आणि घरचं अर्थिंग व ते यांच्या फरकातून ॲम्प्लिफायरच्या जमिनीवर प्रवाह फिरत होता. त्या तारेत विलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर टाकला, सगळी यंत्रं एकाच पट्टीवर घेतली. परसातला अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडला होता. त्यात नव्याने कोळसा आणि मीठ भरून पाणी सोडलं. या दुरुस्तीला जेवढा खर्च आला, तेवढ्यात दिखाऊ केबलचा तुकडाही आला नसता.

पेटी तयार झाली. आता तिच्यात भरायचं काय आणि कसं, हे खरं काम.

सुरुवात सोप्या टोकापासून, सीडीपासून केली. सीडीतली गाणी संगणकात उतरवणं पोरखेळ वाटतो, पण ध्वनीच्या सीडीत एक खोच आहे. संगणकीय माहितीच्या सीडीवर चुका सुधारण्याचा जादा थर असतो, गाण्याच्या सीडीवर तो नसतो. ओरखडा आला की प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून मधली जागा अंदाजाने भरतो आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून काका एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरतात. तो संशय आला की तोच भाग पुनःपुन्हा वाचतो आणि जगभरच्या लोकांनी त्याच सीडीच्या केलेल्या नकलांशी आकड्यांची बेरीज ताडून पाहतो. मराठी आणि शास्त्रीय संगीताच्या अनेक सीडी त्या जागतिक साठ्यात नाहीतच. तेव्हा प्रत्येक सीडी दोनदा वाचायची आणि दोन्ही बेरजा जुळल्या तरच पुढे जायचं, असा नियम त्यांनी केला.

नक्कल ठेवली ती फ्लॅक या प्रकारात. २००१ साली जोश कोल्सन यांनी मोकळा केलेला हा प्रकार फाइल लहान करतो, पण उघडल्यावर मूळ आकडा न् आकडा परत देतो. एमपीथ्री हे करू शकत नाही, कारण कानाला ऐकू येणार नाही असं गृहीत धरलेलं ते कायमचं टाकून देतं. सीडीचा तासाभराचा आवाज मुळात सुमारे ६३५ मेगाबाइटचा. फ्लॅकमध्ये तो बहुधा निम्म्याच्या थोडा वर बसतो. शिवाय प्रत्येक फ्लॅक फाइलच्या पोटात मूळ आवाजाची एक गणिती खूण असते. दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे की नाही, हे त्या खुणेवरून तपासता येतं.

कॅसेटींची गोष्ट निराळी. त्यांत बाजारच्या थोड्या. बाकीच्या घरगुती बैठकांतल्या आणि रेडिओवरून टेप केलेल्या. आकाशवाणीची शनिवार रात्रीची अखिल भारतीय संगीत सभा १९५२ मध्ये सुरू झाली, आणि कॅसेट स्वस्त झाल्यावर दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून जपली गेली. ही मुद्रणं कुठल्याही ॲपवर मिळत नाहीत. काकांनी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन बारीक स्क्रूने नव्याने लावला. ज्या रेकॉर्डरवर ती भरली त्याचा कोन कुठे माहीत असतो? स्क्रू किंचित फिरला की तानपुऱ्याच्या जवारीची धार एकदम उघडते, तिथे थांबायचं. डॉल्बीचं बटण बंद ठेवलं. साध्या टेपवर ते चालू राहिलं तर वरचे स्वर मंद होतात.

कॅसेटचा वेग ठरवायला काकांनी त्याच घुमाऱ्याची मदत घेतली, जो त्यांनी घरातून हाकलला होता. जुन्या घरगुती मुद्रणात विजेचा ५० हर्ट्‌झचा आवाज पुसटसा मिसळलेला असतो. संगणकावर आलेख काढला आणि तो ५१ च्या आसपास दिसला, तर टेप दोन टक्के जलद फिरतेय असं समजायचं. त्या काळी ग्रिडची वारंवारिताही थोडी खालीवर व्हायची, त्यामुळे ही कसोटी ढोबळ. शेवटचा निर्णय बाईंच्या कानाचा.

सगळ्यात तळाशी होत्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या, आणि कोल्हापूरच्या दृष्टीने सगळ्यात मोलाच्या. शाहू महाराजांनी १८९५ च्या सुमारास उस्ताद अल्लादियाखाँना दरबारगायक म्हणून आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात रुजली. खाँसाहेबांनी स्वतः तबकड्या भरल्या नाहीत. १९४६ साली ते गेले. त्यांची गायकी ऐकायची तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि मंजीखाँ-भुर्जीखाँ या त्यांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या आवाजातून. त्यातही सुरुवातीची मुद्रणं दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावतील अशी तीन-साडेतीन मिनिटांची. बैठकीत तासभर चालणारा राग तेवढ्यात मांडलेला.

या तबकड्यांना कॅसेटच्या हेडवालं अल्कोहोल चालत नाही. लाख त्यात विरघळते. काकांनी पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, मधलं लेबल कोरडं ठेवून त्या धुतल्या. सुईही वेगळी. ७८ ची खाच एलपीच्या मानाने खूप रुंद असते, तिच्यासाठी एका इंचाच्या तीन हजारांश भागाएवढ्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई घातली तर ती खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीत लोळते आणि नुसती खरखर उचलते. दुसरी युक्ती दोन वाहिन्यांची. ही मुद्रणं मोनो, म्हणजे सुईच्या आडव्या हालचालीत गाणं असतं. स्टीरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की उभ्या हालचालीतली बरीच खरखर आपसात कापली जाते. कुठलाही प्रोग्राम लावण्याआधीच आवाज स्वच्छ होतो.

मग फेऱ्यांचा घोळ. ७८ हा आकडा पुष्कळदा नावापुरता असतो, जुन्या तबकड्या प्रत्यक्षात कमी-जास्त वेगाने भरलेल्या सापडतात. ७४ ने भरलेली ७८ वर वाजवली तर काळी एकमधलं गाणं जवळजवळ पांढरी दोनमध्ये पोचतं, आवाज चिरका होतो, तान उगाच घाईची वाटते. बाई बाजाची पेटी घेऊन बसल्या. तबकडीतल्या साथीच्या पेटीचा सूर, गळ्याची जात आणि त्या गायिकेची नंतरच्या काळातली पट्टी यांचा मेळ घालत त्यांनी काकांना वेग थोडा खाली, थोडा वर करायला लावला. काकांनी ठरलेला वेग प्रत्येक फाइलच्या टिपणात लिहून ठेवला. पुढे कुणाला वेगळं वाटलं, तर मूळ नक्कल शाबूत आहे आणि केलेला बदल कागदावर आहे.

याच गायकीची एक तबकडी मात्र वेगाच्या बाबतीत कधीच गोंधळात टाकणार नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी मुलाम्याच्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. तिच्या वेष्टनावर कार्ट्रिज कशी ठेवायची त्याचं चित्र कोरलंय आणि एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागायला हवेत, हे हायड्रोजन अणूच्या कालमापात सांगितलंय. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी जी माहिती दिली, ती कोल्हापूरच्या श्रोत्याला त्याच केसरबाईंच्या ७८ वर मिळत नाही. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. त्याच महिन्यात केसरबाई गेल्या.

तबकड्या आणि कॅसेटी काकांनी २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झला उतरवल्या. तासाला सुमारे दोन गीगाबाइट. बाईंच्या भाच्याचा आग्रह १९२ चा होता. “लाखेच्या तबकडीला एकशेब्याण्णव कशाला पायजे?” असं म्हणून काकांनी त्याला आलेख दाखवला. १९२५ च्या आधी, मायक्रोफोन नसताना भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या तबकडीत तीनेक हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही नाही. मध्यम लहरींवरच्या रेडिओचा आवाजही पाचेक हजारांपाशी आटोपतो. सीडीचा दर २२ हजारांपर्यंत पुरतो आणि माणसाचा कान, तोही तरुण असेल तर, २० हजारांपर्यंत. तरी ९६ घेतलं ते खरखरीसाठी. तबकडीवरचा ‘टक’ हा फार तीक्ष्ण, क्षणभराचा आवाज असतो. जास्त दराने नोंदवला की प्रोग्रामला तो गाण्यापासून अचूक सुटा करता येतो. आणि २४ बिट असले की पातळी ठरवताना वर भरपूर मोकळी जागा ठेवता येते, एखादी जोरकस सम कापली जात नाही.

ऐकण्यापुरता वरच्या आकड्यांचा उपयोग किती, यावर अभ्यास झालेले आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी उच्च दराचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर आणून कोणता कुठला ते न सांगता लोकांना ऐकवला, त्यांना फरक ओळखता आला नाही. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे निकाल एकत्र केले तेव्हा किंचित, पण योगायोगापेक्षा जास्त ओळख दिसली. काका दोन्ही निकाल गिऱ्हाइकांना सांगतात आणि मग स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून फूटभर पुढे ओढून दाखवतात. तो फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता यादी. जगभरच्या म्युझिक प्रोग्रामांत तीन खण ठरलेले असतात: कलाकार, अल्बम, गाणं. ख्यालाला हे खण पुरत नाहीत. राग कुठे लिहायचा? ताल, बंदिश, तबल्याची आणि पेटीची साथ, घराणं, प्रहर? सीडी टाकल्यावर इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं तर रोमन लिपीतली आणि मनमानी. एकच राग तीन स्पेलिंगांत, म्हणजे प्रोग्रामच्या लेखी तीन राग. काकांनी आपोआप येणारं सगळं पुसायचं ठरवलं. नावं देवनागरीत, एकाच लेखनाने. रागाचं नाव ‘जॉनर’च्या खणात, कारण तो खण प्रत्येक ॲपमध्ये वरच दिसतो. फ्लॅकमध्ये आपल्या मर्जीची शीर्षकं जोडता येतात, म्हणून साथीदार, ठिकाण, साल, मूळ माध्यम आणि वेग यांच्यासाठी वेगळे रकाने केले. प्रहरानुसार आठ याद्या केल्या. भैरव, ललत, तोडी सकाळच्या यादीत आपोआप जाऊन बसतात.

इथे काकांचं ज्ञान संपत होतं आणि बाईंचं सुरू होत होतं. जयपूर-अत्रौली घराणं अनवट आणि जोड रागांसाठी प्रसिद्ध. कॅसेटवर नुसतं ‘नट’ लिहिलेलं, आत मात्र नट-कामोद. एका मुद्रणावर कुणीतरी ‘मालकंस’ असं चिकटवलेलं. बाईंनी दोन आवर्तनं ऐकली आणि हात वर केला. “मालकंसात रिषभ-पंचम असतात का? हा संपूर्ण मालकंस. दोघांना एका खणात घालू नका.” संगणकाच्या शोधात ते दोन्ही शेजारी येतात, पण आता नावाने वेगळे आहेत. काही फाइलींपुढे बाईंनी प्रश्नचिन्ह ठेवायला लावलं. ते अजून तसंच आहे.

पेटीत चालवायचा प्रोग्राम म्हणून काकांनी लिरियन म्युझिक सर्व्हर निवडला. त्याचं मूळ कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीत. ती २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली आणि २०१२ मध्ये या प्रोग्रामवर चालणारी स्क्वीझबॉक्स ही तिची यंत्रं बनणं थांबलं. प्रोग्रामचा सोर्स कोड खुला असल्याने वापरणाऱ्यांनीच तो पुढे सांभाळला आणि २०२४ पासून तो लिरियन नावाने चालतो. यंत्र बंद झाल्यावरही माल चालू राहायला हवा, हे टेपडेकवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

प्रतींचा विषय निघाला तेव्हा पंचगंगेचं नाव आपोआप आलं. राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. आगीचं उदाहरणही ताजं. शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. काकांनी तीन प्रती केल्या: एक पेटीत, दुसरी घरातच वरच्या मजल्यावरच्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. तिसरीसाठी बाईंनी सांगलीच्या बहिणीचं घर सुचवलं. “तिथं कृष्णा हाय की,” काका म्हणाले. २०१९ मध्ये दोन्ही गावं एकाच आठवड्यात पाण्यात होती. डिस्क पुण्याला मुलीकडे गेली. दिवाळीला मुलगी येते तेव्हा ती बरोबर आणते, नवीन भर घातली जाते आणि फ्लॅकची खूण वापरून सगळ्या फाइली तपासल्या जातात.

शिष्यांना प्रती देता येतील का, असंही बाईंनी विचारलं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. जुन्या ७८ त्यातून कधीच मोकळ्या झाल्या आहेत. त्या बाईंनी शिष्यांना दिल्या. विकतच्या सीडींच्या नकला घरच्या ऐकण्यापुरत्याच ठेवल्या. घरगुती बैठकांच्या कॅसेटींसाठी त्यांनी गाणाऱ्यांच्या घरी फोन लावले. काहींनी होकार दिला, एका घराने तर आपल्याकडची प्रत पुरात गेल्याचं सांगून उलट हीच मागितली.

हल्ली कुणी म्युझिक सर्व्हर बांधून मागितला, की काका बजेटच्या आधी छापील तक्ता पुढे करतात. राग, गाणारे, साथ, ठिकाण, साल, माध्यम असे रकाने आणि शेवटी ‘ओळखणारं माणूस कोण’. तो शेवटचा रकाना रिकामा आला तर ते काम घाईने घेत नाहीत, आधी माणूस शोधायला सांगतात. सध्या त्यांच्या टेबलावर कागलच्या एका घरातून आलेले भजनाचे स्पूल आहेत. ओळखणारे आजोबा नव्वदीच्या घरात आहेत आणि दर गुरुवारी यायला तयार आहेत. अडलंय ते स्पूलच्या यंत्रावर. त्याच्या पिंच रोलरचं रबर कडक होऊन चिरलंय आणि तसला भाग बाजारात मिळत नाही. नवं रबर चढवून लेथवर मापात घासायला तो उद्यमनगरात दिलाय. शनिवारी मिळेल असं म्हणालेत.